डाव्या डोळ्यातला रफूवाला

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे कामतघरला. चाळीत वरच्या मजल्यावरची खोली, नळ घरातच, खिडकीत सकाळचं ऊन. माधवीनं सामान सोडायच्या आधी चहा टाकला आणि गावच्यापेक्षा बरा झाला म्हणाली, म्हणजे बाईसाहेब खूश. भाऊंच्या कारखान्यात मी रात्रपाळीला चेकर. लूमवर कापड विणलं जात असताना फिरत राहायचं आणि तुटलेला धागा, भोक, डाग हेरायचा. बाकी कशात नसेन, पण नजरेत मी कुणाला हार जाणार नाही. पहिल्याच पाळीत सात ठिकाणी खोट काढली. विणकरांनी तोंडं वाकडी केली. करू देत.

२ डिसेंबर
भाऊंनी सगळ्यांसमोर झापलं. मी पास केलेल्या ताग्यात बोट जाईल एवढं भोक निघालं. “आंधला हाय का रे तू, अनंता?” विणकर फिदीफिदी हसले. त्यांनीच मुद्दाम पाडलं असणार, हरामखोर. माधवीचं म्हणणं वेगळंच. महिनाभर मी डाव्या बाजूला दाराच्या चौकटीवर आपटतोय म्हणे. डोळे दाखवा म्हणून मागे लागलीय.

५ डिसेंबर
काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढलाय, नजरेच्या नसेला रक्त पुरत नाही आणि ती सुकत चाललीय. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. मग तिथं काळं का दिसत नाही, असं विचारलं. म्हणाल्या, मेंदू आजूबाजूचं घेऊन भोक भरून टाकतो. म्हणजे रफूच की! थेंब दिलेत. शिवाय माझी नेहमीची बीपीची गोळी रात्री नको, सकाळी घ्या. झोपेत रक्तदाब उतरतोच, वर गोळीनं आणखी उतरला की नस उपाशी राहते. मी शिस्तीचा माणूस. पाळीवरून आलो की आठला गोळी, मग आडवा. घाबरलोय मात्र. माधवीचा चेहरा दिसत राहिला तर बाकी जगाचं मला काही पडलेलं नाही.

१९ जानेवारी
खोलीत कुणीतरी बसलंय. डाव्या कडेला, जिथं भिंत दिसायला हवी तिथं. पाठमोरा, मान खाली, हातात सुई. मी मान वळवली की नसतो. “हितं कोनी न्हाय वो,” माधवी म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. नंतर फार वाईट वाटलं.

३ फेब्रुवारी
झोपून उठलो की तो वीतभर पुढे आलेला असतो. माझ्या झोपेतच काम करतो. आज त्यानं वळून पाहिलं. एवढा द्वेष मी विणकरांच्याही डोळ्यांत पाहिला नव्हता. मीच त्याच्या घरात घुसलोय अशा नजरेनं बघत होता.

११ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई भडकल्या. सकाळी म्हणजे झोपून उठल्यावर, झोपायला जाताना नव्हे! मी रात्रपाळीला असतो हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोन महिने रोज गोळी घेऊन झोपलो आणि माझ्याच हातानं नस उपाशी मारली. आता उजवा डोळाही धरलाय. मी झोपणारच नाही.

१४ फेब्रुवारी
तीन दिवस जागा. मघाशी भिंतीला टेकलो आणि डुलकी लागली, क्षणभरच. तेवढ्यात त्यानं माधवीचा गाल — गालाच्या जागी गाल आहे, पण तिचा नाही. टाके दिसतात. टाके मला कळतात, तोच माझा धंदा. नोकरी ने, दोन्ही डोळे ने, तिचा चेहरा नको रे —

१५ फेब्रुवारी
तिला म्हटलं, कडेला जाऊ नकोस. समोर बस, हात धर. रडली, पण बसली. अर्धा चेहरा तिचा. अर्धा —

१६ फेब्रुवारी
डोळा लागला होता. किती वेळ, माहीत नाही. ती समोरच आहे. डावा हात तिच्या हातात, उजव्यानं लिहितोय. चेहरा पूर्ण आहे! एकही टाका नाही. रडू आलं मला —

दार वाजतंय. बाहेरून माधवी ओरडतेय, दूध आणायला गेले तर कडी का लावली —

मी नाही लावली.

हात ओढतोय. सुटत नाही. चेहरा जवळ येतोय, तोच द्वेष, माधवीच्या डोळ्यां