गादी न सोडता दहा हजार पावलं

३ जानेवारी
आज वर्ध्याला डॉक्टरांकडे. शुगर काठावर. तीन महिन्यांची सरासरी ६.२. डॉक्टरीणबाई आमच्या प्रफुलपेक्षाही लहान दिसतात. दिवसातून किती वेळ बसता, म्हणून विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, सकाळी दहा ते रात्री साडेआठ. आर्वीच्या बाजारात मधुकरशेठला गादीवरून उठताना पाहिलेला माणूस दाखवा, म्हटलं. कापडदुकानाची गादी आहे, नानाजींची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते तिच्यावर एक्केचाळीस वर्षं बसले. बाई म्हणाल्या, तेच तर. दर अर्ध्या तासानं उठायचं, पाच मिनिटं चालायचं. तीन महिन्यांनी परत तपासू. साडेसहाच्या वर गेली तर गोळी, आणि ती जन्मभर.

गोळीचं एवढं काही नाही. पण येताना गाडीत प्रफुल म्हणाला की पप्पा, शुगर वाढली तर तुम्ही दुपारी एकनंतर घरी, दुकान मी पाहतो. आणि गादी काढून काचेचं काउंटर लावू, आजकाल खाली कोणी बसत नाही. मुलगा म्हणून जन्माला घातला होता. वाटेतलं खरांगणा गाव येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

गादी माझ्यामागं काढा. माझ्या डोळ्यांदेखत नाही.

संकल्प: दर अर्ध्या तासानं उठणार म्हणजे उठणार. उद्यापासून. उद्या रविवार, म्हणून परवापासून.

५ जानेवारी
११.०० पहिला ब्रेक. समोर रूपरावच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत चाललो. रूपराव घाबरला. म्हणे काऊन बा शेठ, घरी सगळं ठीक हाय ना? ठीक आहे म्हटल्यावर चहा मागवला. दारात आलेल्याला चहा न पाजता पाठवायची आपल्या बाजारात रीत नाही, आणि नाही म्हणायचीही नाही.

११.३० मेडिकलपर्यंत. चहा.

१२.०० टेलरपर्यंत. चहा. त्याच्या पुतण्याचं जमलं, म्हणून पेढा.

संध्याकाळपर्यंत एकूण नऊ ब्रेक, नऊ चहा, दोन समोसे, तीन पेढे. रात्री जेवण गेलं नाही, म्हणजे आहारही कमी झाला. सुरुवात उत्तम.

७ जानेवारी
चहाचं काल सौ.ला कळलं. सौ. म्हणजे प्रमिला. ती म्हणाली, याले चालनं म्हनत नाई, याले पाहुनचार म्हनते. म्हणून आज दुकानातल्या दुकानात चाललो. दुकान अकरा फूट. जायचं, कपाटाला हात लावायचा, परत यायचं. चंद्रभान आमच्याकडे अडतीस वर्षांपासून आहे. ठाण काढणं, दाखवणं, घड्या घालणं, सगळं त्याच्याकडे. दुपारी तो डोळ्यांत पाणी आणून विचारायला लागला, शेठ, काही हरवलं काय, तुमी माह्यावर नजर ठेवून राह्यले काय? त्याची समजूत काढता काढता माझे दोन ब्रेक बुडाले. शुगरचं सांगितलं तेव्हा म्हणाला, त मंग वरच्या फळीवरचे ठाण तुमीच काढत जा ना, मी बसतो घडीभर.

अडतीस वर्षांत माणूस फार मोकळा होतो.

१० जानेवारी
प्रफुलनं मनगटाचं घड्याळ आणलं. पावलं मोजतं आणि दर अर्ध्या तासानं थरथरतं. आकडे थेट त्याच्या मोबाईलवर दिसतात. दिवसाला दहा हजार पावलं पाहिजेत म्हणे. आज झाली ६४०. त्यातली निम्मी चप्पल शोधताना. गादीवरून उतरलं की चप्पल कधी जागेवर नसते, ही या योजनेतली मुख्य अडचण आहे. डॉक्टरांना कोण सांगणार?

२० जानेवारी
पौष संपला. आज हंगामातला पहिला बस्ता. आष्टीकडचे सदाशिवराव, मुलीचं लग्न. बावीस माणसं, दोन जीपा. नवरीचा शालू, मानपानाची लुगडी, जावयाचा सूट, सगळं आमच्याकडेच. वाटाघाट शालूवर येऊन अडली. ते थोडे चढले, मी थोडा उतरलो. शेवटचा शब्द निघणार, एवढ्यात घड्याळ थरथरलं.

मी शिस्तीचा माणूस. उठलो.

आता आमच्या धंद्यात शेठ बोलता बोलता गादीवरून उठला, की त्याचा एकच अर्थ. सौदा मोडला, आपण निघा. नानाजी उभ्या आयुष्यात दोनदा उठले, त्याची अजून गोष्ट सांगतात. सदाशिवराव माझ्याकडे पाहत राहिले. मग तेही उठले. मग त्यांच्यामागं बावीसच्या बावीस उठले. एक म्हातारी जाता जाता म्हणाली की मानसं मोठी झाली का असंच होते. मी मागं धावलो, जीपच्या खिडकीशी उभा राहून शुगरचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, घड्याळ दाखवलं. सदाशिवराव म्हणाले, राहू द्या शेठ, समजलं.

धावल्याची पावलं मात्र ३१२ झाली.

प्रफुल संध्याकाळी टेप घेऊन गादीची जागा मोजत होता. सात बाय पाच.

२१ जानेवारी
नवा नियम: गिऱ्हाईक असताना उठायचं नाही. गिऱ्हाईक नसतं दुपारी दोन ते चार. दोन ते चार मी झोपतो. झोपही आरोग्यालाच लागते, असं मोबाईलवर वाचलं.

२७ जानेवारी
आज मोठा शोध!!

एका शाळेच्या गणवेशाचं कापड मोजलं. अठराशे मीटर. गजावर कापड टाकायचं, ओढायचं, टाकायचं, ओढायचं. दोन्ही हात चालतात. सहज घड्याळ पाहिलं तर ४,३०० पावलं. सकाळपासून मी गादीवरून पायसुद्धा खाली ठेवला नव्हता!

खूप विचार केला. घड्याळ परदेशी कंपनीचं. त्याच्यामागं मोठमोठे लोक बसले असतील. ते पावलं म्हणतं, तर ती पावलंच. शरीराच्या हिशेबी हात काय आणि पाय काय, रक्त एकच. आणि हे बसल्या जागी होतं, म्हणजे सौदाही मोडत नाही. नानाजींना शुगर का झाली नाही, तेही आज कळलं. दिवसभर कापड मोजत.

संध्याकाळी ९,१००. प्रफुलनं विचारलं, पप्पा, कुठं फिरलात? दुकानातच, म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

३१ जानेवारी
गिऱ्हाईक नसलं तरी मोजतो. पांढऱ्या पॉपलीनचं एकच ठाण आज सव्वाशे वेळा मोजलं. प्रत्येक वेळी चाळीस मीटरच भरलं. १२,२००. चंद्रभान घड्या घालून घालून वैतागला. म्हणे शेठ, ठाणात चोरी होऊन राह्यली असं वाटते काय तुमाले? हे आरोग्याचं आहे, तुला समजणार नाही, म्हटलं.

घरी सौ.नं एवढी पावलं ऐकून तिळाचे लाडू काढले. आधी कुलूप होतं डब्याला. एवढी मेहनत करणाऱ्याला चार लाडू लागतातच.

२ फेब्रुवारी
व्यापारी मंडळानं महिनाभराची पावलांची स्पर्धा काढली आहे. प्रफुलनं न विचारता माझं नाव दिलं. मी नको नको म्हणत होतो, पण मुलाचा उत्साह मोडवला नाही. रूपरावही आहे. तो पांढरे बूट घालून पहाटे डेपोपर्यंत जाऊन येतो. बिचारा.

१४ फेब्रुवारी
रूपराव ८,४००. मी १४,९००. तो दिवसभर भांडी पुसायची सोडून माझ्याकडेच पाहत बसतो. आज आलाच. म्हणे शेठ, मी सकाळपासून पाहून राह्यलो, तुमाले उठतानी तर पाह्यलंच नाई मी. डोळे तपासून घे, म्हटलं. चहा मागवला. त्यानं बिनसाखरेचा मागितला. रीतच राहिली नाही बाजारात.

सौ.चं नवीनच. म्हणते एवढं चालून राह्यले त पोट काऊन वाढून राह्यलं? तिला समजावलं की व्यायामानं आधी स्नायू वाढतात. पायजम्याची नाडी मात्र बदलावी लागली. जुनी आखूड निघाली.

१ मार्च
पहिला नंबर. चार लाख सहा हजार पावलं. दुसरा रूपराव, दोन लाख तीस हजार.

प्रफुलनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मग माझ्यासमोरच सुताराला फोन लावला आणि काउंटरचं काम रद्द केलं. म्हणाला, पप्पा, मी तुम्हाला बोललो त्याचं वाईट वाटतं, तुम्ही करून दाखवलं. गादी राहील.

लहानपणी याच गादीवर तो माझ्या मांडीला टेकून झोपायचा. मला एकदम फार वाईट वाटलं. काहीतरी सांगावंसं वाटलं. पण तो एवढा खुश होता. मी बारा मीटर अस्तर मोजलं आणि बरं वाटलं.

८ मार्च
बक्षीस समारंभ. आधी आरोग्य फेरी, बाजारातून डेपोपर्यंत आणि परत. हे पत्रिकेत बारीक अक्षरात होतं. विजेत्यानं बॅनर धरून सर्वांत पुढं चालायचं. पन्नास व्यापारी मागं, प्रफुल बाजूला मोबाईल धरून.

मेडिकलपर्यंत उत्तम. टेलरपाशी ऊन लागलं. पुढं हॉटेलशी आल्यावर छातीत भाता चालायला लागला, म्हणून पाहणीसाठी थांबलो. रूपरावनं बॅनर काढून घेतला, मला बाकावर बसवलं आणि कानाशी म्हणाला, शेठ, पहिला नंबर तुमचाच हाय, आता गुमान बसा. फेरी पुढं गेली. मी तिथूनच हात हलवून मार्गदर्शन केलं. प्रफुलला उन्हाचं कारण सांगितलं. पटलं त्याला.

घड्याळ पाहिलं तर एवढ्या चालण्याची पावलं फक्त ६१! दोन्ही हातांनी बॅनर धरला होता, हात हललाच नाही. घड्याळ बिघडलं की काय म्हणून दुकानात येऊन वीस मीटर पॉपलीन मोजलं. घड्याळ ठीक आहे.

बक्षीस: फिरती खुर्ची. मऊ, पाठीला टेका. मंडळाचे अध्यक्ष फर्निचरवाले आहेत.

४ एप्रिल
वर्धा. शुगर ७.१.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला, मग प्रफुलच्या मोबाईलवरचे आकडे पाहिले. रोज चौदा हजार पावलं आणि शुगर वर? चेहराच बदलला त्यांचा. म्हणाल्या, हे साधं दिसत नाही, एवढं चालूनही वाढते म्हणजे आत दुसरं काहीतरी आहे. अकरा तपासण्या लिहिल्या. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी. प्रफुल पांढरा पडला. खुर्चीवरून उठला, परत बसला. माझा हात धरून म्हणाला, पप्पा, घाबरू नका, पाहिजे तर दुकान बंद ठेवू, पण तुम्हाला बरं करू. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हात थरथरत होता. घड्याळात माझी आठ पावलं वाढली.

मग सांगितलं. न सांगून उपाय नव्हता.

बाईंना आधी समजलं नाही, म्हणून करून दाखवावं लागलं. त्यांच्या टेबलावर हवेतच दहा मीटर कापड मोजलं. घड्याळ बावीसनं वाढलं. बाई पाठ वळवून खिडकीबाहेर पाहायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. अकरा तपासण्या खोडल्या, एक गोळी लिहिली.

प्रफुल हसला नाही. खरांगणा येईपर्यंत या वेळी तो बोलला नाही. खरांगणा गेल्यावरही नाही.

एवढं मोठं दुखणं टळलं, त्याचा आनंद कोणाला नाही.

१२ एप्रिल
काउंटर आलं. काचेचं. आत दिवे आहेत. गादी घरी गेली. सौ. म्हणते कापूस चांगला हाय, पिंजून उशा करू. नानाजींच्या उशा.

प्रफुलला म्हटलं, एकनंतर घरी जाणार नाही, वाटेल ते कर. तो म्हणाला राहा, पण माझ्या अटीवर. बक्षिसाची खुर्ची दाराशी ठेवली. माझं घड्याळ मनगटावरून काढून पायात बांधलं, घोट्याला. गिऱ्हाईक विचारतात. मी सांगतो, नवीन पद्धत आहे.

सकाळी पावलं ९०.

४.१० खुर्चीत बसल्या बसल्या सहज पाय हलवत होतो. खाली पाहिलं तर ३४०!

४.३० मिनिटाला साठ पडतात. डावा थकला तर घड्याळ उजव्याला बांधता येईल. डॉक्टरांनी पायांवरच भर दिला होता आणि हे पायच आहेत. उद्यापासून दहा हजार अवघड नाही. खुर्ची फिरती असल्यामुळं थोडी कंबरही—

५.०० प्रफुल काउंटरमागून पाहत होता. केव्हापासून, माहीत नाही. आला, मला हाताला धरून उठवलं, खुर्ची ढकलत नेली आणि चंद्रभानला म्हणाला, काका, अडतीस वर्षं झाली, बसा आता. चंद्रभाननं खुर्ची दोनदा पुसली आणि बसला. एकदा पूर्ण फिरून पाहिलं. मग मोठ्या अदबीनं म्हणाला, शेठ, ते वरच्या फळीवरचं पॉपलीन काढा बरं.

ही नोंद काउंटरवर उभ्यानं लिहिली आहे. अक्षर बरं आलेलं नाही.