पूर्ण नाव सांगा, ताई

६ जाने., सोम.
पत्रकार दिन. नळदुर्गला सत्कार. शाल, नारळ, पेन. पत्रिकेवर 'सपत्नीक' छापलं होतं, एकटाच गेलो. पेपरच्या धाराशिव जिल्हा कार्यालयातून आमचे साहेब आले होते. त्यांनी विचारलं, वहिनी कुठायत? म्हटलं, शाळा असते, रजा मिळत नाही. साहेब शेजारच्या सरपंचांना म्हणाले, यांच्या मिसेस जि. प.ला शिक्षिका आहेत. मी दुरुस्त केलं नाही.

'शिक्षिका' हा शब्द मी कधी उच्चारला नाही. 'शाळेवर आहे' म्हणतो आणि पुढचं समोरच्याला समजू देतो. नव्या वार्ताहरांच्या बातम्यांत असली वाक्यं दिसली की मी खोडतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, ऑफिसातल्या लोकांना शेतावर जेवायला बोलावत नाही ते याचमुळं. गावात आले की कळणारच.

सुनंदा गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. ती आणि कमल. रजा मिळत नाही, तेवढं मात्र खरं.

संध्याकाळी तिनं विचारलं, मला बोलावलं न्हवतं व्हय? म्हटलं, पत्रिका उशिरा आली. ती शाल घडी करून ठेवत होती. म्हणाली, उद्या आणि परवा जिल्ह्याला खिचडीवाल्या बायांचं धरणं आहे, ती आणि कमल जाणार. एसटीनं. तुमी यायलाव का? म्हटलं, मला दुसरं काम आहे.

७ जाने., मंगळ.
सकाळी साहेबांचा फोन. धरण्याची बातमी तुम्हीच करा, ग्रामीण विषय आहे. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मोटारसायकलवर गेलो.

कलेक्टर ऑफिससमोर मांडव. बाया ताटं वाजवत होत्या. सुनंदा दुसऱ्या रांगेत, शेजारी कमल. तिनं मला पाहिलं, पदर नीट केला, हसणार होती. मी जावेदकडं वळलो. जावेद दुसऱ्या पेपरचा, पोरगेला, चांगला वार्ताहर. त्याला म्हटलं, चल, निवेदन द्यायला कोण कोण जातंय ते बघू. तो म्हणाला, थांबा दादा, आधी एखादी बाई बोलती करू. आणि नेमका तिच्यासमोर जाऊन बसला.

ती चांगली बोलली. मी लिहून घेतलं नाही, तरी शब्द न् शब्द डोक्यात आहे.

"आमच्या हातचं खाऊन पोरं कॉलेजला गेली, आमी चुलीम्होरंच. जून आला की परत हात जोडायचे, औंदा ठिवा म्हणून. सालगड्याला तरी पाडव्याला इचारत्यात, थांबतूस का. आमाला तेवढं बी न्हाय."

बाया हसल्या. जावेद खूश.

"पूर्ण नाव सांगा, ताई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मोबाइल बघत होतो. स्क्रीन बंद होती.

"सुनंदा ज्ञानोबा गवळी," ती म्हणाली.

बापाचं नाव, माहेरचं आडनाव. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. मधे माझं नाव यायला हवं होतं. कमल काही बोलायला गेली, तर सुनंदानं तिचा गुडघा दाबला. मला दिसलं.

जावेदनं गाव विचारलं. ते तिनं खरं सांगितलं. तो माझ्याकडं वळला. "दादा, तुमच्याच गावच्या की या. ओळखत नाही?"

"गाव मोठं आहे," मी म्हणालो.

बातमी वेळेत पाठवली. 'जिल्हाभरातील महिला मोठ्या संख्येने'. एकही नाव नाही.

८ जाने., बुध.
जावेदच्या पेपरात चौकट. मथळा: 'सालगड्याला तरी विचारतात, आम्हाला कोण?' फोटो. कमलचा चेहरा स्वच्छ, सुनंदाचा अर्धा पदराआड. खाली नाव, माहेरचं.

आमची एका कॉलमाची. साहेब म्हणाले, अहो, ती बाई तुमच्या गावची, आणि सापडली त्यांना? म्हटलं, सुटली साहेब. आयुष्यात फार बातम्या सुटल्या नाहीत माझ्या.

ती आजही गेली होती, अंधार पडताना आली. हातपाय धुऊन सरळ चुलीशी. जेवताना मीच विषय काढला. माझं नाव का नाही सांगितलंस?

"तुमी वळख दिली न्हाय. मग मी कशी द्यावी?"

ताटात भाकरी वाढून पुन्हा म्हणाली, "बापाचं सांगितलं. त्यानं जलमभर म्हशी राखल्या. पर मला चारचौघांत 'ही माझी लेक' म्हणाय कधी लाजला न्हाय."



९ जाने., गुरु.
शाळेत प्रकरण पेटलंय. दोन दिवस चूल बंद होती, पोरांना बिस्किटं वाटावी लागली. शाळा समितीचे अध्यक्ष भडकलेत. पोरं उपाशी ठेवून मोर्चे काढायचे असतील तर दुसऱ्या बाया बघू, म्हणाले.

मुख्याध्यापक गुरुजी सरळ माणूस. सुनंदाला बाजूला घेऊन म्हणाले, पेपरातल्या बाईचं नाव वेगळं आहे, फोटोही नीट ओळखू येत नाही. तुम्ही आजारी होता म्हणा, मी सांभाळून घेतो. म्हणजे माझी लाज तिच्या कामी आली असती.

ती म्हणाली, मी व्हते.

आणि कमलचं? तिचा चेहरा सगळ्या जिल्ह्यानं पाहिलाय. तिला गुरुजींनी बाजूला घेतलंच नाही.

शनिवारी बैठक. दोघींनी घरचं माणूस घेऊन यायचं. कमलला घरचं माणूस म्हणजे सासू, तिला ऐकू येत नाही. सुनंदानं मला हे पीठ मळता मळता सांगितलं. "या म्हणत न्हाय. सांगितलं फकस्त."

१० जाने., शुक्र.
साहेबांनी विचारलं, उद्या भूमला एक कार्यक्रम आहे, जाल का? लगेच हो म्हणालो. फोन ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच किळस आली.

दुपारभर नळदुर्गला हॉटेलात बसून. संध्याकाळी फोन करून भूमचं रद्द केलं. कारण विचारलं तर घरचं काम आहे म्हटलं. कुठलं घरचं काम, ते...

११ जाने., शनि.
जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

शाळेच्या व्हरांड्यात बैठक. अध्यक्ष, गुरुजी, समितीचे चारदोन लोक. अध्यक्ष दूध डेअरीवाला, वयानं माझ्यापेक्षा लहान. सुनंदा आणि कमल दाराशी उभ्या. मला पाहताच अध्यक्षानं खुर्ची मागवली. मी बसलो. इथंच चुकलो, पण बसलो.

रात्री मनात घोळवलेलं वाक्य म्हटलं. मी पत्रकार म्हणून आलो नाही, सुनंदाचा नवरा म्हणून आलोय.

"ते काय आमाला ठावं न्हाय व्हय, दादा?" अध्यक्ष म्हणाला. सगळे हसले. खरंच, गावाला काय नवीन होतं त्यात. आणि मी मोठा कबुलीजबाब दिल्यासारखा बसलेलो.

चहा आला. मला आणि समितीला. त्या दोघींना नाही.

अध्यक्ष म्हणाला, वहिनींचं काय न्हाय, तुमच्याकडं बघून मिटवलं. पण शिस्त म्हणून एक बाई बदलावी लागंल. सोमवारपासून कमलच्या जागी त्याची भावजय येणार. सगळं आधीच ठरलेलं होतं. कमल भीमनगरातली. ते कुणी बोललं नाही. बोलायची कुणाला गरजही वाटली नाही.

मी म्हटलं, दोघी एकत्रच गेल्या होत्या.

"दादा, तुमचं काम झालं न्हवं?"

माझ्या हातात कप होता. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. असल्या अन्यायावर मी वर्षानुवर्षं कॉलम लिहितोय. मी चहा संपवला.

कमलनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सुनंदाचा हात धरून म्हणाली, "तू जा बाई, तुझं तरी ऱ्हाऊ दे." सासूला धरून निघून गेली. सासू मला नमस्कार करून गेली, चांगलं झालं असं समजून.

घरी येताना सुनंदा चार पावलं पुढं. दाराशी थांबली.

"मला वाटलं, नवरा आला. आला तो वशिला."

१२ जाने., रवि.
सकाळी बातमी लिहिली. धरण्याला गेलेल्या दोघींपैकी एकीला काढलं, दुसरीला नवरा पत्रकार म्हणून ठेवलं. 'प्रस्तुत प्रतिनिधीची पत्नी' असं लिहिलं, खोडलं, सरळ 'माझी पत्नी' केलं. पाठवली.

साहेबांचा फोन. असं स्वतःच्या घरचं छापता येत नाही, तुम्हाला मी काय सांगायचं. मग म्हणाले, पण वहिनी शिक्षिका आहेत ना?

"नाही साहेब. खिचडी शिजवते. त्या दिवशी जावेदला सापडली ती तीच."

म्हणाले, अहो, त्यात काय एवढं. मनापासून म्हणाले. एवढी वर्षं मी जे झाकत आलो त्याची किंमत त्यांच्या लेखी एवढीच. कुणी हसणार नव्हतं. हसणारा एकटा मीच होतो, आणि तिला ते केव्हापासून माहीत असेल कोण जाणे.

बातमी लागणार नाही. साहेब म्हणाले, कमलबाईंचं नाव घालून जावेदला द्या, तो करील. जावेदला फोन केला. आधी त्याला मंगळवारचं सांगावं लागलं. तो म्हणाला, दादा, मी समोरच बसलो होतो हो. उद्या गावात येतो म्हणालाय.

सुनंदा दुपारी कमलकडं गेली, दिवे लागल्यावर आली. विचारलं नाही.

१३ जाने., सोम. भोगी.
शाळेची वेळ टळली तरी ती निघाली नाही. भाजी आधीच चुलीवरून उतरली होती, तीळ लावून भाकरी करत होती. मी पेपर समोर धरून बसलेलो. काही विचारायचा हक्क आहे का, याचा विचार करत.

फोन वाजला. माझा. गुरुजी. मिसेस आल्या नाहीत. नव्या बाईला एवढ्या मोठ्या पातेल्याचा अंदाज नाही, तांदूळ धुऊन बसलीय, अध्यक्षही उचलत नाहीत. तुम्ही जरा सांगा ना त्यांना, तुमचं ऐकतील.

"बरं, सांगतो" ओठावर आलं होतं. सवयीनं.

म्हटलं, गुरुजी, तिच्याशीच बोला. आणि फोन तिच्यापुढं धरला.

ती माझ्याकडं बघत राहिली. हात पिठाचे होते. लुगड्याला पुसले, फोन घेतला. "बोला, गुरुजी." बराच वेळ ऐकलं. मग, "कमलकडं गेलता का तुमी?" तिकडून काहीतरी लांबलचक. ती उठून बोलत बोलत अंगणात, तिथून फाटकाशी. पुढचं मला ऐकू आलं नाही. तिचा हात तेवढा हलताना दिसत होता.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. उलटायला गेलो, मोडली. दोन्ही तुकडे ताटलीत काढून ठेवले, जाळ कमी केला.

अजून फाटकाशीच आहे. फोन कानाला.