उंदराचा डावा कान

फ्रायबुर्ग, ६ नोव्हेंबर
आमच्या लॅबमधल्या नव्या टीलोचे आकडे पुन्हा माझ्या उलट! तीन वर्षं मी सांगतेय — ते जनुक काढलं, की पेशीवरच्या रिसेप्टरचा इशारा फार जोरात होतो आणि हाडाच्या मज्जेतली कोवळी बी-पेशी, रोगाशी लढणारी, मरते. इशारा आलाच नाही तरी मरते, जास्त आला तरी मरते. बेतात राहील तीच जगते. आणि हा कालचा पोरगा म्हणतो, जनुक काढलेल्या उंदरांत पेशी वाढतात! दोघांतलं एकच खरं. माझा प्रबंध जानेवारीत द्यायचाय. त्याचा करार डिसेंबरात संपतो.

८ नोव्हेंबर
सापडलं! जनुक काढलेल्या उंदराच्या डाव्या कानाला भोक पाडलेलं असतं, साध्या उंदराच्या उजव्या. मी उंदीर उताणा धरून बघते, तोंड माझ्याकडे. माझ्या आधीची मुलगी सांगून गेली होती, डावा-उजवा कान आपल्या बाजूनं मोजायचा. टीलो पालथा धरतो. म्हणजे त्याचा डावा तो माझा उजवा. गाढव!

९ नोव्हेंबर
त्याला सांगावं का? — नाही. सोमवारी सगळ्यांसमोर बोलू दे.

१३ नोव्हेंबर
बोलला. मन लावून, तासभर. मग मी अगदी गोड आवाजात विचारलं, ‘‘टीलो, उंदराचा डावा कान कुठला रे?’’

‘‘उंदराचाच डावा. आणखी कुणाचा?’’

सगळे हसले. आमचे प्रोफेसर हेलविग हसले नाहीत. ‘‘हिची तीन वर्षं खोटी आणि तुझा महिना खरा?’’ म्हणाले आणि वही मिटली. भाषण संपलं की आमच्याकडे टाळ्यांऐवजी सगळे बोटांनी टेबल ठोकतात. आज कुणीच ठोकलं नाही. त्याचा चेहरा लालबुंद. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू!

१७ नोव्हेंबर
त्याचा करार वाढवणार नाहीत. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, माझ्या उंदरांच्या शेपट्यांची जनुकतपासणी तेवढी करून घेशील का, मला आता कुणी करू देत नाही. शेपटीच्या तुकड्यावरून जनुक आहे की काढलंय ते नक्की कळतं. हो म्हटलं. प्रबंधाला पुरावा होईल. वर त्यानं माझे आभार मानले!

२० डिसेंबर
शेपट्यांचा निकाल सकाळी आला, फक्त माझ्याकडे. टीलोचे सगळे उंदीर बरोबर होते. म्हणजे तीन वर्षं मीच उलटे कान वाचले.

दुपारी त्याचा निरोपसमारंभ. आमच्याकडे लॅब सोडून जाणाऱ्यानंच केक आणायचा असतो, त्यानं सफरचंदाचा करून आणला होता. ‘‘काही कळलं का गं?’’ त्यानं हळूच विचारलं.

‘‘अजून नाही,’’ म्हटलं, आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.