बारा सेकंदांची शांतता

८ मार्च, डोंगरकडा

पोचलो एकदाचा. एसटीतून उतरलो तर सगळ्या गावाला उकडलेल्या हळदीचा वास. मला आवडला. दोन वर्षं नांदेडच्या डीजेवाल्याकडं, त्याआधी हैदराबादला फरशीचं काम, त्याआधी बी.ए.चं अर्धं वर्ष, पण असं स्वागत कुठंच झालं नव्हतं. मला कामाला बोलावणाऱ्या किसनरावांनी स्वतः माझी पिशवी उचलली. त्यांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, भाकरी आणि ठेचा वाढला, वर तूप, आणि माझं नाव सेवा कळल्यावर विचारलं की तांड्यावर आई असंल ना, तिला पोचल्याचं कळवलं का. माडीवरची खोली दिली. पंखा, खाट आणि कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर मोर काढलेला रुमाल, खालच्या सीपीयूच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक. चालू करायच्या आधी हात जोडायचे, असं किसनरावांनी बजावलं.

काम सोपं. त्यांची नात कोमल, एप्रिलमध्ये तिचं लग्न. म्हातारीला, म्हणजे अनुसयाबाईंना, हळदीची जुनी गाणी येतात, पण दम्यामुळं मांडवात गायचं होत नाही. म्हणून घरीच रेकॉर्ड करायची, साफ करायची आणि हळदीला डीजेवर लावायची. तीन महिने घरातले सगळे झटून राहिले होते, आवाजच येईना. काहून, तर माइकची पिन स्पीकरच्या हिरव्या भोकात. तीन महिने! काढून गुलाबी भोकात घातली, सेटिंगमधून माइक निवडला, झालं. किसनराव मला इंजिनेरसाहेब म्हणाले. या घरात हळदीबरोबर अक्कलही उकळून काढतात बहुतेक.

१० मार्च

कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या, आणि रेकॉर्डिंगमध्ये सारखं हूं हूं. घराला अर्थिंगच नाही. परसात खड्डा केला, मीठ-कोळसा टाकला, तार पुरली, हूं हूं गेलं. किसनराव खड्ड्यापाशी उभं राहून विचारतात, मिठाऐवजी नारळ पुरला तर बराबर चालंल का. मी तोंड फिरवून हसलो. मग विहिरीकडं गेलो तर बाभळीला सुगरणीची घरटी. मोजत बसलो. सतरा. गाणं एकही झालं नाही.

११ मार्च

शेजारी वैजनाथच्या शेतात हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. दिवसभर खडखड, म्हातारीचं गाणं त्यात बुडतं. यावर माझ्याकडं एक युक्ती आहे, डीजेवाल्यानं शिकवलेली ती एकच. गाण्याआधी नुसता तो खडखडाट थोडा रेकॉर्ड करायचा आणि कॉम्प्युटरला दाखवायचा, की हा नको. मग तो सगळ्या गाण्यातून तेवढाच आवाज उपसून काढतो. अडीच वाजता केलं. झकास निघाला.

गच्चीत आलो तर ड्रम फिरून राहिला होता, पण आवाज नाही. वैजनाथ त्याला कान लावून उभा. वंगण घातलं असेल कोणीतरी.

१२ मार्च

बरोबर अडीचला ड्रम थांबला. मोटर चांगली, पट्टा चांगला, फिरत मात्र नाही. वैजनाथनं त्याला लिंबू-मिरची बांधली. धन्य आहे.

सकाळी अकराला मी दारातल्या कुत्र्याचं भुंकणं असंच काढलं होतं. तेव्हापासून ते नुसतं तोंड उघडतं. किसनराव म्हणाले, बरं झालं, पाहुण्यांना तकलीफ न्हाई.

१३ मार्च

कुत्रं मेलं. अकरा वाजता. भाकरीचा तुकडा तोंडात होता.

ड्रम जुना, कुत्रं म्हातारं. मी वैजनाथ नाही लिंबू बांधायला.

१४ मार्च

जेवताना म्हातारीनं विचारलं, गाणं कसं आलं. मी तिच्या दम्याची नक्कल करून दाखवली, दर ओळीला घर्र, घर्र. ती पदर तोंडाला लावून हसली. किसनराव हसले नाहीत. ताटावरून उठले.

शेवटचं गाणं झालं. मागं थोडी खरखर उरली होती. त्यासाठी रिकाम्या खोलीची शांतता लागते, म्हणून किसनराव आणि म्हातारी दोघांनाही खाली जा म्हटलं. म्हातारी उठेना. म्हणे, तुझं काम उरलंय तंवर गाणी झाली न्हाईत, आणि हळदीची गाणी एकदा धरली की सगळी होईस्तोवर आमच्या घरात ती जागा रिकामी ठेवत न्हाईत, नवरीला एकटेपण लागतं. डोक्याला हात लावला मी. वाद घालायचा कंटाळा आला होता. बसा म्हटलं, फक्त हलू नका. तिघं बसलो. बारा सेकंद. दोन वाजून दहा मिनिटांनी ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला दाखवून गाण्यातून तेवढं उपसून टाकलं. डिस्क किसनरावांच्या कीर्तनाच्या व्हिडिओंनी गच्च, म्हणून जुन्याच फाइलवर सेव्ह केलं आणि मशीन बंद.

गाणं काचेसारखं आलं. घरघरसुद्धा गेली.

संध्याकाळी म्हातारी चहा घेऊन आली. सेवा लेकरा, काय जादू केलीस रे, म्हणे, आज छातीत घरघरच न्हाई, हलकं वाटून राहिलं.

तिनं बशी ठेवली. मी तिच्या छातीकडं बघत होतो. वर-खाली होत होती. आवाज नव्हता.

१५ मार्च, सकाळ

शांतता कुठली? तिथं आम्ही तिघं होतो.

नाकानं जोरात श्वास ओढून पाहिला. उशीत तोंड खुपसून पाहिला. येतो, जातो. ऐकू येत नाही. माइकसमोर धरला तर पडद्यावर सरळ रेघ.

केलेलं मागं घ्यायचं बटण शंभरदा दाबलं. फाइल बंद झाली की ते चालत नाही, हे डीजेवाल्यानं दहादा सांगितलं होतं. मी तेव्हा मोबाइल बघत होतो.

दहा वाजता

किसनरावांना सगळं सांगितलं. ड्रम चोवीस तासांनी थांबला, कुत्रं चोवीस तासांनी मेलं, आज दोन वाजून दहा मिनिटांनी आपण तिघं. ते हसले. इंजिनेरसाहेब, म्हणे, वैजनाथकडून लिंबू आणू का?

त्यांच्या हसण्याचा आवाज आला. हसताना मधे ओढलेल्या श्वासाचा नाही.

साडेबारा

पळायचा विचार केला. मी पळण्यात पटाईत. पण पळून श्वास कुठला आणू.

मग सापडलं. ते बारा सेकंद वेगळ्या फाइलमध्ये तसेच पडलेत. लावले. स्पीकरमधून घर्र आली आणि त्याच क्षणी खाली अनुसयाकाकूंच्या छातीतून घर्र आली. माझाही श्वास वाजला. थांबवलं, सगळं गप्प. परत लावलं, परत आला.

म्हणजे वाजत राहिलं पाहिजे. दोन-दहा उलटेपर्यंत. फिरून फिरून वाजायचं बटण दाबलंय. आवाज पूर्ण वर.

१:५०

तीन श्वास. काकूंचा सगळ्यात वर. सगळ्या आळीला ऐकू जात असणार. खालून किसनराव ओरडून राहिले, बंद कर. म्हणे आधी ताटावर बसून टवाळी केलीस, आता भोंगा लावून बायकोचा दमा गावाला ऐकवतोस? खाल्ल्या मिठाला तरी—

मी ओरडून सांगतोय. काका, टवाळी नाही, हात जोडतो. कोण ऐकणार माझं. आठ दिवस या घराला हसत आलोय—

काकू रडतात. हुंदका ऐकू येतो. म्हणजे चालू आहे. रडा काकू.

२:०२

दाराला खाट लावली. काका बाहेरून लाथा घालून राहिले. कडी हलते—

स्पीकर तापलाय. थांबू नको रे बाबा—

२:०६

लाथा थांबल्या. चपला जिन्यावरून खाली. काकूंना म्हणतात, सरक, पोराचा भोंगा कसा चालतो ते बघतो—

मेन स्विच जिन्याखाली. लाकडी पेटी. पेटीचं दार करकरलं.

काका, चार मिनिटं. फक्त चार. नंतर चपलेनं मारा, गावाबाहेर काढा, कोमलला सांगा मी हलकट आहे— काकू, हात धरा त्यांचा, तुमच्यासाठीच आहे हो ते— काका, खटका खाली नका ओ—