मारियाचं निळं कापड

२३ मार्च, रविवार

स्टेफीला मारियाचा रोल! मम्मीने फोनवर कुजबुजत सांगितलं, पप्पा मागच्या दारी होते म्हणून. दर शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या गावी गासला चर्चच्या पटांगणात येशूच्या दुःखसहनाचं नाटक होतं. बसवतात पप्पा. सहा वर्षं मारिया, येशूची आई, मी होते. मी! पप्पांनीच शिकवलं — रडायचं नाही, श्वास अडकवायचा, मग लोक रडतात.

आता तेच माझ्या धाकट्या बहिणीला शिकवत असतील. जिला वर्गात हजेरी द्यायला लाज वाटायची!

२५ मार्च

शूटिंगला सुट्टी. मनवेलपाड्याच्या भाड्याच्या खोलीत पडून राहिले. इथून गास ते काय लांब? पण चार वर्षं पप्पांनी उंबरठा चढू दिलेला नाही. सिनेमात गेले हे एक, आणि चॅनलवर बोलले हे दुसरं — "आमच्याकडे मुलगी स्टेजवर देवाची आई झालेली चालते, पडद्यावर माणसाची बायको झालेली चालत नाही!" अख्ख्या गासने पाहिलं. पप्पा म्हणाले, "फादरना तोंड कसं दाखवू?"

आजही तेच बोलेन. खरंच आहे ते!

पण रोज संध्याकाळी पप्पांसमोर स्टेफी उभी असते, मी नाही.

३० मार्च

मम्मीने तालमीचा व्हिडिओ पाठवला. "बघून पुसून टाक." कसली पुसते! स्टेफीच्या डोक्यावर माझंच निळं कापड. मागून पप्पांचा आवाज — "शाब्बास, बाळा." मला कधी एक शाब्बास नाही!

परत परत पाहिला. चुका शोधत होते. एकच सापडली — कापड सारखं सारखं सावरते.

३ एप्रिल

अंधेरीला विघ्नेशच्या ऑफिसात. नव्या सिनेमाचं कास्टिंग त्याच्याकडे. हिरोईनच्या मैत्रिणीचे रोल करून विटले. या वेळी हिरोईन मीच, असं तो जवळजवळ कबूल झाला होता. गप्पांत व्हिडिओ काढला. म्हटलं, बघ आमच्या गावचं नाटक, हस जरा.

हसला नाही मेला. पुन्हा लावला. "ही कोण?"

"बहीण."

"पंधराला, मंगळवारी, ऑडिशनला आण. हिरोईनसाठी."

आणि माझ्या तोंडातून निघालं — "ती नन होणार आहे. कॉन्व्हेंटमध्ये चाललीय."

आमच्यासारख्या घरातली मुलगी म्हटल्यावर कोणालाही पटेल असं खोटं! त्याने हातच जोडले. "राहू दे मग. देवाचं काम."

४ एप्रिल

बरं वाटतंय.

५ एप्रिल

नाही वाटत.

९ एप्रिल

विघ्नेशने इन्स्टाग्रामवर स्टेफीला शोधलं! "नन होणार म्हणून शुभेच्छा दिल्या, तर म्हणते, कोण नन? मला यायचंय ऑडिशनला."

यायचंय! म्हणजे हिलाही हेच हवं होतं, पप्पांपुढे मान खाली घालून! मला तरी बोलायचं.

बोलली असती तर मी काय केलं असतं? तेच.

१२ एप्रिल

पप्पांचा फोन. चार वर्षांनी!

"रोझी, स्टेफी ऑडिशनला जाऊ का विचारत होती. ती नन होणार असं सांगून तू अडवलंस, तेही कळलं. पोरीला वाचवलंस. शेवटी माझीच मुलगी." मग आवाज मऊ. "उद्या झावळ्यांचा रविवार. जेवायला ये. मम्मीने केळी वाळवलीत, तुझ्यासाठी सुकेळी काढून ठेवलीत."

याच बोलावण्याची वाट बघत होते इतकी वर्षं. आणि आलं ते माझ्या त्या खोट्यामुळे! म्हटलं, "स्टेफीला फोन द्या."

"खोलीत बसवलीय. मोबाईल विहिरीत टाकला तिचा." हसले. "तुझाही तेव्हाच टाकायला हवा होता."

येते म्हटलं. कशाला, ते नाही सांगितलं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

जेवले नाही. पप्पांच्या देखत स्टेफीला घेऊन आले. शुक्रवारी मारिया कोण, ते पप्पा आणि त्यांचा देव बघून घेतील. माझ्या खोलीत, परवाच्या ऑडिशनसाठी, तिला माझी ओढणी डोक्यावर घ्यायला लावली. म्हटलं, सारखी सारखी सावरू नकोस, तिथेच चुकतेस.

आता हातही लावत नाही. गेला माझा रोल!