निघाली अकोल्यास मंदाकिनी ही

२८ सप्टेंबर १९६५, अमरावती

टिक् टाक् टाक्, टिक् टाक् टाक्.

पहाटे पुन्हा तोच आवाज कानात. वलगावच्या शाळेत मी नवीन लागलो होतो. वर्गातली पोरं कविता घोकत होती, तेवढ्यात दारात इन्स्पेक्टर साहेबांची मोटार येऊन उभी राहिली. पोरं गप्प. इंजिन मात्र चालूच. टिक् टाक् टाक्. एक लघु, दोन गुरू. शुद्ध भुजंगप्रयात! पोरं ज्या वृत्तात थांबली, त्याच वृत्तात मोटारीने पुढची ओळ म्हटली. तीसेक वर्षं झाली, आवाज काही जात नाही.

आता तीच मोटार माझ्या अंगणात उभी आहे. (तीच असावी. नंबरपाटी नाही, बॉनेटवरचं नावही गळून गेलं. पण माझं मन सांगतं.) अचलपूरला एका सरकीवाल्याच्या गोठ्यात पडली होती. बैल जुंपून आणली. नाव ठेवलं मंदाकिनी.

निश्चय: यंदा भाऊबीजेला सौ. मनकर्णेला तिच्या भावाकडे, अकोल्याला, मंदाकिनीतूनच न्यायचं. इंजिन तोवर नव्यासारखं बांधून काढायचं.

गल्लीत सगळे लढाई थांबल्याच्या गप्पा करतात. माझी अजून सुरूच झालेली नाही.

२९ सप्टेंबर

झोप नाही. कारण लिहून ठेवतो, म्हणजे मन शांत होईल.

मागे एका दिवाळीत आम्ही अकोल्याला गेलो, तेव्हा सूर्यभान, म्हणजे मनकर्णेचा धाकटा भाऊ, स्टेशनवर बैलांची दमणी पाठवायला विसरला. डोक्यावर ट्रंक घेऊन धुळीतून चालत गेलो. मी दारातच म्हणालो की आता पाय ठेवीन तो स्वतःच्या मोटारीतून उतरून. तो हसला आणि म्हणाला, "मंग तवरोक मीबी तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवत नाही, भाऊजी."

तेव्हापासून भाऊबीजेला मनकर्णा अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायकांसारखी. मला त्या दृश्यात फार मोठं काव्य दिसतं. तिला विचारलं तर म्हणाली, "काव्य तुमच्यापाशीच ठेवा. चंद्र काही करंजी खात नाही."

३० सप्टेंबर

इंजिन उघडून पाहिलं. सगळा जीव रॉकरमध्ये आहे. रॉकर म्हणजे शाळेच्या मैदानातली सी-सॉची फळी. खालून पुश रॉड एक टोक वर ढकलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबून उघडतं. दोन्ही बाजू सारख्या नसतात. व्हॉल्व्हकडची लांब, रॉडकडची आखूड. लांब भागिले आखूड, हा झाला रेशो. रेशो जेवढा मोठा, तेवढा व्हॉल्व्ह जास्त उघडणार, इंजिन जास्त श्वास घेणार.

मोजला. भरला दीड.

दीड! कानशिलं तापली. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. दीड मात्रेचं अक्षर कोणत्या छंदात बसतं? हा इंजिनातला छंदोभंग आहे. इन्स्पेक्टर साहेबांच्या मोटारीला रेशो दोनच असला पाहिजे, त्याशिवाय तसा आवाज येत नाही. मागाहून कोणीतरी अडाण्याने बदलला.

निश्चय: रेशो दोन.

कवितेची पहिली ओळ सुचली. निघाली अकोल्यास मंदाकिनी ही. मात्रा न् मात्रा चोख. दुसरी उद्या.

४ ऑक्टोबर

नत्थुजी मिस्त्री आले. यांनी जिनिंगची ऑइल इंजिनं बांधली आहेत. त्यांच्यापुढे दोनचा विचार मांडला. म्हणाले, "एका लॉरीचा पावनेदोन आयकला होता मी. दोन नाही आयकला." मग मी लघुगुरू समजावून दिले, हाताने टाळ्या वाजवून. बराच वेळ ऐकत होते, दोन विड्या झाल्या. शेवटी म्हणाले, "तुमी शिकलेले मानसं. म्हनता त होऊन जाते."

तज्ज्ञाची संमती मिळाली.

करायचं असं: आमच्याच बारा रॉकरची रॉडकडची बाजू कापायची आणि तिचं टोक आत सरकवून वेल्डिंग करायचं. आखूड बाजू आणखी आखूड, रेशो आपोआप दोन. मी विचारलं, बिघडलं तर? नत्थुजी म्हणाले, "बिघडन कावून?"

उत्तर पटलं.

६ ऑक्टोबर

दसऱ्याला मंदाकिनीला झेंडूचा हार घातला. आजपासून काम धडाक्यात सुरू व्हायचं होतं, पण नत्थुजी भातकुलीला पाहुणे गेले. आज नुसता अंगणात फेऱ्या मारत होतो. मनकर्णा म्हणाली, "हार वाळला. आता तरी काढा." मी म्हटलं अकोल्याला पोचल्यावरच काढीन. "मंग काढत नाही तुमी," असं म्हणून आत गेली.

दुसरी ओळ सुचली नाही. नत्थुजी नसल्यामुळे असेल.

११ ऑक्टोबर

समोर धर्मपाल राहतो. वलगावचा माझा विद्यार्थी, आता अकोला एस.टी.वर कंडक्टर आहे. चांगला आहे, पण दृष्टी तिकिटापुरती. आज सांगत आला की सूर्यभान पोळ्याआधी गाडीवरून पडला, मांडीचं हाड सरकलं, काठीनं चालतो. मग मनकर्णेला म्हणाला, "बाई, सीट ठिवू काय सकाळच्या गाडीत? खिडकीची." तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, आता पंधरवडा राहिला, एस.टी.ने जाऊन सगळ्या तपश्चर्येवर पाणी ओतायचं का? आणि कळवायचंही नाही. एकदम दारात हॉर्न! सूर्यभान काठी टाकून धावत येईल.

रात्री ती जेवली नाही. पोट बिघडलं असावं.

निश्चय: मंदाकिनीची मागची सीट सूर्यभानसाठी राखीव. पाय लांब करून बसता येईल. उंदरांनी खाल्लेल्या जागी गोधडी घातली.

१५ ऑक्टोबर

रॉकर आले! बाराही. वेल्डिंगच्या गाठी थोड्या जाड आहेत, पण दागिन्यासारख्या दिसतात. बसवले. पुश रॉड आता सरळ उभे राहत नाहीत, जरा तिरपे होतात आणि भोकाच्या कडेला घासतात. नत्थुजी म्हणाले, "तिरपे झाले मास्तर." मी म्हणालो, तिरपेपणातच डौल असतो. ते म्हणाले, "मंग ठीक हाय."

असा माणूस मला शाळेत हेडमास्तर म्हणून मिळायला हवा होता.

१९ ऑक्टोबर

मोठा शुभशकुन.

नत्थुजी म्हणाले की व्हॉल्व्ह जास्त उघडला की खालून वर येणाऱ्या पिस्टनला टेकू शकतो. म्हणून आधी पिस्टनच्या डोक्यावर ओली माती लावून पाहायची. माती खरखरीत, म्हणून मी करंज्यांच्या भिजवलेल्या कणकेतला एक गोळा घेतला. मनकर्णा चुलीपासून ओरडली, "देवाच्या नैवेद्याची कणीक हाय ते!" मी म्हटलं, हाही नैवेद्यच.

गोळा लावला, हेड बसवलं, हँडल फिरवलं. एका जागी अडत होतं. जोर केल्यावर गेलं. हेड पुन्हा उघडलं आणि पाहतो तो काय! कणकेवर व्हॉल्व्हच्या कडेने सुरेख चंद्रकोर काढलेली. कणीक आरपार कापून खालचं लोखंड लख्ख दिसत होतं, जणू चांदणं. बीजेची कोर! भाऊबीजेचा चंद्र मंदाकिनीने स्वतःच्या हाताने काढून दाखवला. डोळ्यांत पाणी आलं.

नत्थुजी म्हणाले, "टेकून राह्यला मास्तर, वाल." मी म्हणालो, टेकणं वेगळं आणि आपटणं वेगळं. विडी विझेपर्यंत त्यांनी विचार केला. "हे बी खरं हाय," म्हणाले.

मनकर्णेला बोलावून कोर दाखवली.  तिने बोटाने कणीक खरवडून काढली आणि गायीला घातली.

२१ ऑक्टोबर

अस्वस्थ. बसवत नाही, उभं राहवत नाही. इंजिन तयार, फक्त सुरू करायचं. आज केलं नाही, कारण आभाळ होतं. काल केलं नाही, कारण आभाळ नव्हतं आणि ऊन फार होतं. घाई नको.

मनकर्णेने भावासाठी धोतरजोडी आणि कुंकवाचा करंडा काढून पिशवीत भरून ठेवला. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

२३ ऑक्टोबर, दुपार

सुरू झाली!!

नत्थुजींनी हँडल मारलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. मग मंदाकिनी खोकली, धूर सोडला आणि बोलली. टिक् टाक् टाक्! शपथेवर सांगतो, वलगाव! तोच आवाज! मी डोळे मिटले, पोरांचा वर्ग समोर उभा राहिला. पहिली ओळ मोठ्याने म्हटली, 'अकोल्यास'पर्यंत आलो, तेवढ्यात खळ्ळ खण्ण, आणि शांतता.

ही यती. चांगल्या ओळीत विश्राम असतोच.

२३ ऑक्टोबर, संध्याकाळ

यती नव्हे. नत्थुजींनी झाकण काढलं. सात पुश रॉड धनुष्यासारखे वाकलेले, दोन व्हॉल्व्ह बसत नाहीत, एका पिस्टनच्या डोक्याला भोक. कोरीच्या आकाराचं.

मी म्हणालो, जुने दीडचे रॉकर परत बसवू, तात्पुरते. नत्थुजींनी एक रॉकर माझ्या हातावर ठेवला. "हेच त होते जुने, मास्तर. हेच कापले ना आपन."

ही गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नव्हती. नत्थुजींनी मुद्दाम आठवण करून द्यायला हवी होती. कामातला निष्काळजीपणा, दुसरं काय.

दिवाळीचा सण म्हणून ते घरी गेले. हत्यारंही नेली.

२४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

दोन रॉड पाट्यावर वरवंट्याने सरळ केले. बऱ्यापैकी. पाट्याला टवका गेला. मनकर्णा काही बोलली नाही, तेव्हा हायसं वाटलं. मागाहून वाटलं की बोलली असती तर बरं.

योजना: उद्या उरलेले रॉड. परवा सकाळी निघायचं. पिस्टनच्या भोकाला लाख भरता येईल.

२५ ऑक्टोबर, पाडवा

मनकर्णेने ओवाळलं. मी विचारलं काय हवं ओवाळणीत. ताट खाली ठेवून म्हणाली, "काही नको. उद्या सकाळच्या एस.टी.नं जातो मी. धर्मपालनं सीट ठिवली."

मी म्हणालो, आणि माझा शब्द?

म्हणाली, "तुमचा शब्द तुमी घेऊन बसा त्या मोटारीत. तो काठीवर आला आन् मी इथं चंद्राले ओवाळत बसलो. आतापर्यंत तुमच्यासाठी बसलो, आता नाही. डब्यात करंज्या हायेत, चिवडा हाय. पानी भरून ठिवलं. गायीले चारा घालजा."

आवाज चढवला नाही. त्याचीच भीती वाटली.

निश्चय: तिची एस.टी. अकोल्याला पोचण्याआधी मंदाकिनी पोचली पाहिजे.

२६ ऑक्टोबर, भाऊबीज. सकाळ

गेली. धर्मपालने पिशवी उचलली. ती मंदाकिनीच्या बाजूने गेली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. झेंडूचा वाळका हार तेवढा सरळ केला.

निघाली अकोल्यास, हे खरं झालं. मनकर्णा वृत्तात बसत नाही. एस.टी.त बसली.

रॉड सरळ करतो आहे. तिसऱ्याचा तुकडा पडला.

त्याच दिवशी, अकराच्या सुमारास

घाईत लिहितो. दार वाजलं. बोटाने नव्हे, काठीने. उघडलं तर सूर्यभान! केस सगळे पांढरे, पाय ओढत, घामाने डबडबलेला, हातात करंज्यांची पिशवी. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "भाऊजी, मी हरलो. जीव नाही लागला औंदा. तिच्या हातचं कुंकू लावून घेतो आन् चाललो. कुठी हाय बाई माई?"

मी सांगितलं, सकाळच्या एस.टी.ने अकोल्याला गेली. तुमच्याकडेच.

तो दारातच खाली बसला. म्हणाला, "मूर्तिजापूरले चहा पेलो मी. समोर अमरावतीहून आलेली गाडी उभी होती. खिडकीत एक बाई पाठमोरी दिसली. मनात म्हटलं, अंबाडा आपल्या मनकर्णीसारखा हाय."

 मग त्याचं लक्ष माझ्यामागे अंगणात गेलं. हार, बॉनेट, मागच्या सीटवरची गोधडी. चेहरा एकदम उजळला. काठी टेकत उठला. "आली म्हना की मोटार! खरंच आनली तुमी! मी त थट्टा समजून राह्यलो होतो. देवासारखं झालं, भाऊजी. काढा लवकर. चंद्र निंगाच्या आंदी पोचून जाऊ, ते ताट घेऊन वाट पाहत असन."

मी म्हणालो, आधी हातपाय धुऊन घ्या. पाणी भरलेलं आहे.

तो न्हाणीत पाय धुतो आहे, पाण्याचा आवाज येतो आहे. काठी आणि करंज्यांची पिशवी त्याने घरात आणलीच नाही. मंदाकिनीच्या मागच्या सीटवर ठेवून आला आहे.