मुठीतला लाडू

भोकरदन, मंगळवार, दिवेलागण

लिही सूनबाई. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी तू, माझं बोलणं उद्या कुठलं आठवतंय तुला. अन् मला लिहिता येत न्हाई.

तुझी चिमी पाच वर्षांची झाली, अजून एक शब्द न्हाई. जालन्याच्या थेरपीवाल्या बाईंनी सांगितलंय, तिनं आवाज काढल्याबिगर हातात काही द्यायचं न्हाई. म्हणून आज राजगिऱ्याचा लाडू मुठीत धरून बसले. तिनं पदर ओढला, मुठीकडं बोट केलं.

"माग की गं माय, नुसतं 'आ' म्हण."

माझ्या तोंडाकडं बघत राह्यली. ओठ हलल्यासारखे वाटले. मंग निमूट दारात जाऊन बसली. रडली बी न्हाई. लाडवाचा नादच सोडला तिनं.

तेच डोक्यात घोळतंय. न मागायचीच सवय लागली तर? मला तिच्या डोळ्यांवरून कळतं. माझ्या मागं कोणाला कळणार? बाई म्हणतात, धीर धरा. मला काही ते जमेलसं दिसत न्हाई.

शेवटी लाडू दिलाच. मूठ अजून चिकट आहे.

उद्या चिमीबरोबर डब्यातले सगळे लाडू बाईंकडं पाठव. घरात ठेवलेस तर तिनं मागायच्या आत मी देऊन टाकीन.